आधी ठोके मोज

"मयताची घंटा वाजली की आधी ठोके मोज गं, मग रड. दोन बाईचे, तीन पुरुषाचे," लग्न होऊन वसईत आलेल्या सेलिनाला शेजारच्या कार्मेलमावशींनी बजावलं होतं. शिकल्यासवरल्या सेलिनानं ते हसण्यावारी नेलं.

आज चर्चची मयताची घंटा वाजली आणि ठोके न मोजताच तिनं शेजारी पाहिलं. मावशींचं दार सकाळपासून बंद होतं. बाळ झाल्यापासून तीन महिने ती तिकडे फिरकलीच नव्हती. बाळाला छातीशी धरून, हाती लागली ती झेंडूची फुलं घेऊन ती हंबरडा फोडतच धावली.

दार मावशींनीच उघडलं. हातात अर्धी भाकरी.

"तीन ठोके पडले. खालच्या आळीतला पास्कू गेला बिचारा," घास गिळत मावशी म्हणाल्या. "पण तू रडलीस झक्कास! फुलं तेवढी चुकली. माझ्या शवपेटीवर सोनचाफा हवा, सांगितलं होतं ना?" मग बाळाला जवळ घेत त्या हळूच बोलल्या, "मयताला अख्खं गाव येतं गं. जिवंतपणी तूच आलीस."

आता सेलिना रोज सोनचाफा घेऊन जाते. आणि तुम्हालाही विनवते, शेजारची म्हातारी जेवली का, घंटेआधीच जरा बघून या.