दोन बोटांचा समास
आईने सूक्ष्मदर्शक जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवला. त्यावर नकाशे. त्यावर अर्जलेखनाचं पुस्तक, ज्यातले नमुने ठमीने गेल्याच महिन्यात गिरवले होते. दोन वर्षांत जाऊबाईंनी आणून दिलेलं एकूण एक सामान आईला आज घराबाहेर काढायचं होतं.

जाऊबाई शाळेत शिकवायच्या. ठमीला घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. ह्या एकट्या पाठीशी उभ्या राहिल्या. जुनी पुस्तकं कुठे स्वस्त मिळतात, कुठलं वाचनालय नकाशे महिनाभर घरी देतं, सगळं त्यांनीच हुडकलं होतं.

आणि आता ही शिक्षण खात्याची नोटीस. कोणीतरी तक्रार केली होती. अकरा वाजता तपासणीबाई येणार आणि त्यांच्या मनाला आलं तर घरच्या शाळेची परवानगी रद्द. मंगळवारी दुपारी शिकवणी होत नाही, असंही नोटिशीत होतं. मंगळवारी आईचं डोकं ठणकायचं, ती पडून राहायची. घराबाहेर हे एकाच माणसाला ठाऊक होतं.

जाऊबाई दहाला आल्या. हातात पृथ्वीचा गोल होता.

"ताई, तुम्हीच ना?" आईने नोटीस पुढे केली.

त्यांनी ती सावकाश वाचली. मग टेबलाकडे पाहिलं. ठमी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होती. टोक केव्हाच निघालं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."

"केसाने गळा कापलात हो! सख्ख्या बहिणीहून जवळचं मानलं होतं तुम्हाला. उचला ते खोकं, आणि पुन्हा या दारात पाऊल टाकू नका."

त्यांनी खोकं उचललं. पृथ्वीचा गोल तेवढा ठमीजवळ ठेवला. दार लागलं तेव्हा आईला रडू आवरेना.

तपासणीबाई तासभर होत्या. त्यांनी वह्या चाळल्या, ठमीला अपूर्णांक विचारले, बरणीत रुजवलेलं बी पाहिलं.

"मुलगी छान तयार केलीत," त्या उठता उठता म्हणाल्या. "परवानगी राहील. शाळेत घालायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. ही तक्रारीची प्रत. नाव झाकलंय, नियमच आहे तसा."

त्या गेल्यावर आईने तणतणत कागद उघडला. नावावर काळी शाई होती. डावीकडे बरोबर दोन बोटांचा समास. विषयाखाली पट्टीने ओढलेली रेघ. चुकलेला शब्द न गिरबटता एकाच रेघेने खोडलेला, तिने शिकवलं होतं अगदी तसाच.

ती तिथेच खाली बसली. शेवटचं वाक्य होतं: "आई फार छान शिकवते, तिला कृपया रागावू नये, पण मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर खेळायला कोणीच नसतं."