एका खिळ्याची जागा

"भाडं कमी घेतोय, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही," वरच्या दोन खोल्या दाखवताना मी घुगे सिस्टरांना बजावलं होतं. नुकताच रंग दिला होता, आणि वाशीमसारख्या गावात एवढ्या भाड्यात अशी जागा कोण देतं?

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. खाली टेम्पोत सामान चढत असताना मी भिंती तपासायला वर गेलो. भोक सोडाच, साधा ओरखडाही नव्हता. फक्त कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंत काळी पडली होती.

"हे कसलं?"

"उदबत्तीचं, काका. ह्यांचा फोटो हार घालून तिथे जमिनीवरच ठेवत होते," म्हणत त्या ओलं फडकं घेऊन खाली बसल्या. "पुसून देते."

"राहू द्या," मी म्हणालो. त्यांनी खिळा मागितला असता तरी मी नाहीच म्हणालो असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नवे भाडेकरू यायच्या आधी मी त्या कोपऱ्यात, डोक्याच्या उंचीवर, स्वतः खिळा ठोकला. खोली बघून ते म्हणाले, "काका, तेवढा खिळा काढून घ्या. भिंत वाईट दिसते."