पहिलं उत्तर कोणाचं

“इथं नाही आहे गा! एकही पिशवी नाही म्हणते!” हुडकेश्वरच्या रक्तपेढीतून जितेंद्र फोनवर ओरडत होता.

“पण भाऊजी, पेजवर हिरवं दाखवून राहिलं ना!”

“मग तुझ्या पेजले चाटू का मी?”

सौरव सक्करदऱ्याच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभा होता. आत त्याची बहीण दामिनी होती. सकाळी तिला मुलगी झाली आणि तेव्हापासून रक्त थांबायचं नाव घेईना. गट ओ निगेटिव्ह. डॉक्टरांनी बाहेरून रक्त आणायला सांगितलं होतं. तिचा नवरा जितेंद्र नमुन्याची नळी घेऊन गाडीवर सुसाट गेला, तो सौरवच्या सांगण्यावरून.

इंटरनेटवरचं ते पेज सौरवनेच बनवलं होतं. नागपुरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांना एकाच वेळी विचारायचं, आणि जिच्याकडे तो गट असेल तिच्या नावासमोरचा चौकोन हिरवा करायचा. पेपरात त्याचा फोटोही छापून आला होता. दवाखान्यांनी भिंतींवर पेजचा पत्ता लावला. लोकांनी फोन फिरवत बसणं सोडून दिलं. क्वचित कुणी तक्रार करी, जाऊन पाहिलं तर रक्त नव्हतं म्हणून. ‘आपण पोहोचेपर्यंत संपलं असावं,’ हे उत्तर सौरवने एकदाच लिहून ठेवलं होतं. तेच सगळ्यांना जाई.

त्याने पेज पुन्हा उघडलं. दवाखान्यात नेटवर्क रडतखडत चालत होतं. चौकोन एकेक करून भरू लागले. वरून खाली, अगदी ओळीने.

सगळ्यात वरचा चौकोन हुडकेश्वरचा, तोच सगळ्यात आधी हिरवा झाला. इतक्या पेढ्या, प्रत्येकीचा कॉम्प्युटर निराळा, वेग निराळा. त्यांची उत्तरं शहाण्या मुलांसारखी रांगेत येतीलच कशी? ती येतील तशी येत होती आणि त्याचं पेज ती वरपासून चौकोनांत टाकत होतं, कोणाची ते न बघता. मिहानच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात त्याने चाचणी घेतली होती ती स्वतःच्याच मशीनवरच्या खोट्या उत्तरांवर. ती नेहमी विचारलेल्या क्रमाने यायची. शेजारी बसणाऱ्या अस्मिताने तेव्हा टोकलं होतं, “मागचं उत्तर आधी आलं तर?” आणि “नाही येत वं,” म्हणून हा शहाणा चहा प्यायला निघून गेला होता.

त्याने तिलाच फोन लावला. “अस्मिता, पहिलं उत्तर कोणाचं आहे? चौकोन नको पाहू, नाव पाह!”

तिकडून कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला.

“यादीतल्या शेवटल्या पेढीचं. लहान आहे ते, म्हणून तिचं उत्तर नेहमीच पहिले येते. सौरव, हे तर तुमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आहे!”

नर्सकडून नमुन्याची दुसरी नळी घेऊन तो पळत सुटला. पायात चपला नाहीत हेही त्याला कळलं नाही. गल्लीतल्या त्या पेढीत कवडू नावाचे पोक्त गृहस्थ बसले होते. त्यांनी नमुना आत दिला, घाईघाईने रक्त जुळवून घेतलं आणि पिशवी त्याच्या हातात ठेवली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. “धोका टळला. आणखी एक पिशवी लागेल, ती आणून ठेवा.” सौरव भिंतीला टेकून ढसाढसा रडला. जितेंद्रने त्याला आधी दोन शिव्या हासडल्या, मग मिठी मारली.

दुसऱ्या पिशवीसाठी सौरव पुन्हा गल्लीत आला तेव्हा त्याला कवडूंच्या पाया पडावंसं वाटत होतं. जीव भांड्यात पडला होता.

“काका, तुमच्यामुळे ताई वाचली माझी. ओ निगेटिव्ह तर कुठं मिळतच नाही.”

कवडूंनी फ्रीजचं दार उघडलं. आतले कप्पे पिशव्यांनी गच्च भरले होते.

“घे ना बापा, किती पाहिजे तुले? मुदत संपली का फेकूनच देतो आम्ही. ते पेज आलं तेव्हापासून इकडे कोणी फिरकूनच नाही राहिलं. मले तर वाटे, नागपुरात लोकायले रक्त लागनंच बंद झालं.”