अब्बांची साक्ष

“गॅसजवळ नको उभी राहू. चहा मी ठेवतो,” रहेमानभाई म्हणाले आणि त्यांनी कहकशांच्या हातून भांडं काढून घेतलं.

“मी पाहुणी आहो काय, अब्बा?”

“पाहुणीच. बाभुळगावच्या सासरवाल्यांची अमानत हायेस तू.”

ती हसली. लोहाऱ्यात, जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायच्या दुकानामागे अब्बांचं घर होतं. इम्तियाज, तिचा नवरा, तिला सकाळी सोडून गेला होता. चहा झाल्यावर तिने अब्बांना मिरगीची गोळी दिली. त्यांनी ती निमूट घेतली आणि हळूच विचारलं, “तुझं झालं?” तिने मान हलवली.

अब्बांची मिरगी, म्हणजे फिट येण्याचं दुखणं, साऱ्या बिरादरीला ठाऊक होती. बापाचं दुखणं पोरीत उतरतं म्हणत लोक तिला पाहून परत जायचे. इम्तियाजच्या घरचेही उठायला लागले, तेव्हा अब्बांनी त्यांना थांबवलं. मिरगी असलेल्या काही पुरुषांना, कधी दुखण्यामुळे, कधी गोळ्यांमुळे, बायकोजवळ जाणं जमत नाही. लाजू नका, सांगितलं तर इलाज होतो, असं डॉक्टरांनी अब्बांना समजावलं होतं. अब्बांनी भरल्या बैठकीत तेच स्वतःबद्दल सांगितलं.

“नवरा म्हणून मी कामाचा नव्हतो. पोरगी गोद घेतली. माझं रक्त नाही हिच्यात.”

तिची आई, शमसुन्निसा, केव्हाच वारली होती, आणि उमरखेड सोडून आलेल्या या घराचं जुनं कोणी इथे जाणत नव्हतं. रिश्ता पक्का झाला.

गोदच्या बापाला हक्क नाही म्हणून निकाहात पोरीच्या बाजूनं काझीच उभे राहिले. अब्बा पंगतीत वाढत होते. तेव्हापासून दुकानासमोर टवाळी चालायची, “रहेमानभाई साऱ्या तालुक्याच्या मोटारी भरते, घरची मात्र बंदच.” अब्बा तार गुंडाळत राहायचे.

संध्याकाळी इम्तियाज न्यायला आला. गाडी सावकाश चालव, एवढंच अब्बा त्याला म्हणाले. कहकशांच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. अब्बांना झोपेतच मिरगीचा झटका आला, ते गेले होते.

दुपारी मय्यत अंगणात ठेवली. बायका एकेक करून चेहरा पाहून सरकत होत्या. कहकशां वाकली. तिला अब्बांच्या कपाळावर हात ठेवायचा होता. सासूने, फरहानाबींनी, तिचं मनगट धरलं. त्यांचेही डोळे भरले होते.

“दुरून पाह्य, बेटा. तू गोदची. तुह्यासाठी ते परके मर्दच. हात नाही लावता येत.”

बायका थांबल्या. दारात इम्तियाज मान खाली घालून उभा होता. मागून कोणीतरी म्हणालं, खांदा द्यायले लोक आले, आटपा.

कहकशांने मनगट सोडवून घेतलं आणि अब्बांच्या गार कपाळावर हात ठेवला.

“मी त्यायच्याच रक्ताची आहो, अम्मी,” ती म्हणाली. “मिरगी मलेबी हाये.”