शुक्रवारचं वाचन

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला कासिल्दा खुर्चीवरून उठली, की स्पेनमधल्या बुर्गोस शहरातल्या त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत भलेभले माना खाली घालायचे. ती मुद्रितशोधक. आठवड्याभरात छापून गेलेली सगळ्यांत लाजिरवाणी चूक ती मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि ज्याची चूक त्यानं सोमवारी सगळ्यांसाठी घरून बटाट्याचं ऑम्लेट करून आणायचं. रीतच होती तशी. पोरं तिला पाठीमागे मास्तरीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"आजचा मानकरी साउल," तिनं चष्मा नाकावर सरकवला. "बुधवारी मी दात काढायला काय गेले, यानं आपली बत्तिशीच दाखवली. एकाच ओळीत सर्वनामही आडवं आणि क्रियापदही आडवं. ऐका!"

आणि अस्सल खेडवळ हेल काढून तिनं वाचलं, "म्या तिला म्हनलं, धुक्याची जाऊ नगं. मला गाडी असंल, तर म्याच तुला नेली असती."

कचेरी खदखदली. क्रीडापानाचा तोमास तर टेबलावर डोकं टेकून हसत होता.

"कासिल्दा, थांबा जरा," बातमीदार साउल उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांबू कशाला? ऑम्लेट चुकवतोस होय रे? कांदा घालून आण, बरं का!" म्हणत तिनं कमरेवर हात ठेवला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, आता आणखी रंगवून. हेल तिला हुबेहूब जमायचा. तिची आई जन्मभर असंच बोलली होती, पण हे कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. तिनं होऊ दिलं नव्हतं.

या वेळी मात्र हशा मध्येच तुटला. सगळे दाराकडे बघत होते.

दारात एक बाई उभी होती. साठीची, काळा कोट, हातात कापडी पिशवी. पहारेकऱ्यानं तिला वर पाठवलं होतं.

"ते म्याच म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "ह्या साहेबांनी जसंच्या तसं घातलं. त्यांची चूक न्हाई."

"ह्या बेनिल्देबाई," साउल खालच्या आवाजात म्हणाला. "नोएलियाची आई."

कासिल्दानं हातातल्या पानाकडे पाहिलं. लाल वर्तुळाच्या वर एका हसऱ्या मुलीचा, नोएलियाचा, फोटो होता. त्याखाली दिलं होतं, की सोमवारी पहाटे ती बिस्किटाच्या कारखान्यात पाळीला निघाली, धुक्यात तिला नेणारी मोटार ट्रकवर आदळली. सगळं छापलेलं होतं. कासिल्दानं छापून आलेल्या त्या पानातली प्रत्येक मात्रा तपासली होती आणि त्यात मेलेली पोर तिला दिसली नव्हती. तिची कानशिलं तापली. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते असं.

"बाई, मला... आम्हाला..." म्हणत तिनं ते पान उलटं करून टेबलावर ठेवलं.

"असूं द्या हो. मला तीन अंक पायजेत, बिल्बाओला भनीकडं धाडाया." मग बेनिल्देबाई जरा घुटमळली. "आनिक एक काम व्हतं. रागावणार न्हाई ना? रविवारी चर्चमध्ये पोरीसाठी प्रार्थना हाय. पाद्रीबाबा म्हनले, आईनं चार शब्द बोलावं. म्या हेच बोलणार व्हते. तर हे बरोबर कसं म्हनायचं, तेवढं लिहून देता का?"

कासिल्दानं कागद ओढला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, मेलं. मी तिला म्हटलं, धुक्यात जाऊ नकोस. माझ्याकडे गाडी असती, तर मीच तुला नेलं असतं.

बेनिल्देबाईनं कागद लांब धरून ओठातल्या ओठात वाचून पाहिला. 'नेलं असतं' पाशी दोनदा अडखळली, आणि शाळेत चुकलेल्या पोरीसारखी कासिल्दाकडे बघून ओशाळं हसली.

"न्हाई जमायचं. पाद्रीबाबांनाच वाचाया देते. म्या आपली खाली बसून ऐकंन."

"नका हो!" कासिल्दा ओरडलीच. "तुम्ही म्हणालात तेच बरोबर आहे. तसंच बोला. माझी आई पण असंच बोलायची. मीच तिला गप्प बसवायची. तुम्ही नका गप्प बसू. मी चुकले. आम्ही सगळे चुकलो."

बेनिल्देबाईनं कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवली. कासिल्दाच्या दंडावर तिनं हात ठेवला. तिला खरोखरच राग आलेला नव्हता, आणि तेच कासिल्दाला सोसवत नव्हतं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमी हितं हसलात, हे लई बरं झालं. चर्चमध्ये लोक हसले असते, तर माझ्या पोरीची लाज गेली असती."