निळ्या झेंड्याचा नियम

“तो झेंडा काढा,” कौंटीचा साहेब तिसऱ्यांदा म्हणाला.

शंकरराव जागचे हलले नाहीत. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण साहेबाचं बोट कुठे आहे ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. इंजिनाच्या तोंडावरचा निळा झेंडा सकाळी त्यांनीच बांधला होता. आज चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. आणि आजच इंजिन जाणार होतं. निदान जयंती तरी बघून जाऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मुलीकडे अमेरिकेत, ट्रॉयला आल्यापासून तीन वर्षं ते दर शनिवारी या छोट्या लाइनवर फुकट राबत होते. जुनी, बंद पडलेली फाट्याची लाइन. दहा-बारा म्हाताऱ्यांनी हौसेने चालू ठेवलेली. शंकररावांनी विदर्भातल्या एका नॅरोगेज शेडमध्ये फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली होती. इथल्या दोन रुळांमधलं अंतर तिकडच्यापेक्षा सहा इंच जास्त. “अमेरिकेत सगळंच थोडं जास्त,” ते म्हणायचे आणि कामाला लागायचे.

कौंटीला त्या जागी सायकलींचा रस्ता हवा होता. उद्या सकाळी नऊला कोर्टात सुनावणी होती. वकिलाने बजावलं होतं, रुळांवर इंजिन उभं असेल तर लाइन जिवंत, नसेल तर मेली. साहेबालाही ते ठाऊक होतं, म्हणून तो आजच ट्रेलर घेऊन आला होता. ट्रेलरचा परवाना सूर्यास्तापर्यंतचा.

पण ट्रेलरचा ड्रायव्हर हाताची घडी घालून उभा होता. त्याने आधी वीस वर्षं रेल्वेत काढली होती.

“निळा झेंडा म्हणजे इंजिनाखाली माणूस काम करतोय,” तो म्हणाला. “ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. तोवर मी साखळी लावणार नाही.” झेंड्यावरचं अशोकचक्र त्याला रेल्वेचंच चाक वाटलं होतं.

उपासनाने वडिलांना हे मराठीत सांगितलं. शंकररावांना आधी खरंच वाटेना. इथे सगळे एकमेकांना हाका मारून काम करायचे, नियमाचं पुस्तक त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती! मग त्यांना तिकडची एक जयंती आठवली. इंजिनाला बांधलेला झेंडा बघून फोरमन म्हणाला होता, “हे तुमच्या वस्तीत लावा.” घरात दोन लेकरं होती. शंकररावांनी मुकाट्याने झेंडा सोडला होता, घडी करून खिशात ठेवला होता. ती घडी अजून छातीत टोचत होती.

“काहून काढू?” ते म्हणाले. “त्याले सांग, नाही काढत.”

“बाबा, प्लीज,” उपासना कुजबुजली. “तो पोलीस बोलावेल. इथे असं चालत नाही. आपण घरी जाऊ या.” तिने साहेबाला सांगितलं, “त्यांना जरा वेळ द्या.”

साहेबाने त्याला भीक घातली नाही. गुडघे टेकून तो इंजिनाखाली वाकला, नीट बघितलं, पँट झटकत उठला.

“खाली चिटपाखरू नाही,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “माणूसच नाही तर झेंडा म्हणजे नुसतं फडकं. लाव साखळी.”

ड्रायव्हर घुटमळला. बोलणं तर बरोबर होतं. त्याने साखळी उचलली. शेडच्या दारातल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

“काय म्हणतो तो?” शंकररावांनी विचारलं.

उपासनाने ‘फडकं’ गाळलं. “म्हणतो, खाली माणूस नाही.”

शंकररावांनी अंगातला जयंतीचा नवा कोट काढून तिच्या हातात दिला. मग ते खाली बसले, एका हाताने इंजिनाची कड धरली आणि आयुष्यभराच्या सवयीने रुळांच्या मधून सरपटत इंजिनाखाली शिरले. सत्तरीचे गुडघे कुरकुरले. गार खडीवर ते उताणे झोपले, पांढऱ्या सदऱ्याला काळं तेल लागलं, आणि त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तिथूनच ते काहीतरी मोठ्याने बोलले.

ड्रायव्हरने साखळी टाकून दिली. साहेब लालबुंद झाला. खिशातून फोन काढत तो उपासनावर ओरडला, “काय म्हणतायत ते? त्यांना बाहेर यायला सांग!”

सकाळपासून उपासना दोन्हीकडचे शब्द मऊ करून सांगत होती. आता तिने कोट छातीशी धरला आणि एकही शब्द मऊ केला नाही.

“माझे वडील म्हणतात, पुन्हा वाकून बघा. झेंड्याखाली माणूस आहे.”