ऑपरेशननंतरची पहिली मॅच

घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आकारामचा आवाजही काढून घेतला. तरी फुटबॉलच्या फायनलला तो गोलमागच्या आपल्या पायरीवर येऊन बसला. चाळीस वर्षं त्यानं इथूनच पलीकडच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा उद्धार केला होता. आता नुसता श्वास फुटत होता. मॅच सुरू होताच तो उठला. मुक्यानं बसायला घर होतंच.

दोन्हीकडच्या प्रेक्षकांमधल्या जाळीपलीकडून हिंदुराव ओरडला. तो त्याच पलीकडच्या तालमीचा. चाळीस वर्षं आकारामला उलट शिव्या देणारा.

"कुठं निघालास? मी एकट्यानंच बोलायचं व्हय? लिही काय ते." त्यानं जाळीतून पेन सरकवलं.

आकारामनं तिकिटामागं लिहिलं. हिंदुरावनं ते वाचलं, घसा खाकरला आणि स्वतःच्याच गोलकीपरला सगळ्या स्टेडियमदेखत ऐकवलं, "ए पोत्या, म्हशी राखाय जा."

गोलकीपर वळला. "मामा, मी आपला हाय."

"ठावं हाय. हे आकारामचं हाय."

गोलकीपरनं आकारामच्या गळ्यावरची पट्टी पाहिली, हात जोडले आणि परत गोलपोस्टमध्ये उभा राहिला.

आकाराम खाली बसला. तिकिटावरची जागा संपली होती. पुढचं त्यानं तळहातावर लिहायला घेतलं.